पांढरा दोन लिटर

आमच्या मामांना विमानं बघायची होती आणि मटण खायचं होतं. कोल्हापूरच्या माणसाच्या या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. फक्त त्या फेब्रुवारीत, येलहंकात, एकाच मुक्कामात पुऱ्या होत नाहीत.

येलहंका हे बंगळुरूचं उत्तर टोक. ज्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये बंगळुरू वसवलं, ते इथले प्रभू. पुढे १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे फौज घेऊन आले, केंपेगौडांच्या वंशजांच्या हातून बंगळुरू गेलं आणि मग ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यामुळे रिक्षावाल्याशी मोडक्या कन्नडमध्ये घासाघीस करताना मी मनात म्हणतो, आम्ही काही इथे उपरे नाही. फौजेबरोबर यायचं ते पावणेचारशे वर्षं उशिरा, वीस वर्षांच्या गृहकर्जावर आलो, इतकंच. इथे कारखान्यात रेल्वेची चाकं तयार होतात, तळावरून हवाई दलाची विमानं उडतात, पलीकडून विमानतळाचा रस्ता धावतो. येलहंकात सगळं हलतं. फक्त आम्ही आयटीवाले सकाळी नऊला हेब्बाळच्या पुलावर उभे असतो.

एक वर्षाआड फेब्रुवारीत आमच्या हवाई तळावर ‘एरो इंडिया’ भरतं. १९९६ पासून भरतंय. त्या आठवड्यात सोसायटीची गच्ची म्हणजे जत्रा. खाली पास काढून लोक उन्हात उभे असतात आणि आम्ही पाण्याच्या टाकीवर बसून फुकट ‘सूर्यकिरण’ विमानांच्या कसरती बघतो. घरून काम करणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. डोक्यावरून काहीतरी गर्जत जातं, खिडकीची काच थरथरते आणि मीटिंगमधला माणूस म्हणतो, “एक मिनिट, हे गेलं की बोलतो.”

या विमानांना शत्रूपेक्षा घारींची भीती जास्त. मटणाच्या दुकानाबाहेरच्या कचऱ्यावर घारी घिरट्या घालतात आणि विमानाच्या आड येतात. म्हणून महापालिका १९३७च्या विमान नियमांतल्या ९१व्या नियमाचा आधार घेते आणि हवाई तळाच्या आसपास मांसविक्री बंद करते. २०२५ मध्ये ही बंदी २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी होती आणि तिचा घेर १३ किलोमीटरचा होता. दुकानं बंद, हॉटेलात सामिष वाढणं बंद. इंग्रज गेला, पण १९३७ मध्ये बसून त्याने आमच्या मामांच्या ताटावर डोळा ठेवलेला होता.

मामा आले ते फेब्रुवारीच्या १० तारखेला. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले, स्वतःची मागणी एका वाक्यात. चप्पल काढता काढता म्हणाले, “विमानं परवा बघू. आज तांबडा-पांढरा करा.” आमच्या हिने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. मामांना ‘बंदी आहे’ सांगणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या मते बंदी ही आणीबाणीत असते, रश्श्यावर नसते.

मग कट शिजला. माझे साडू दोड्डबळ्ळापूरला राहतात. ते येलहंकाच्या पुढे उत्तरेला, तेरा किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर. मेहुणीने तिकडेच सगळं रांधायचं आणि साडूंनी स्टीलच्या किटल्यांतून आणायचं असं ठरलं. घरात खायला बंदी नव्हती, पण आमचं कुटुंब एकदा कट करायचा म्हटल्यावर तो रीतसर करतं. सगळी बोलणी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाली, मामांना त्यातून तात्पुरतं काढून. आणि तो ग्रुप माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडा होता.

लॅपटॉपवर का, असं पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं. कारण सांगतो. ऑफिसात मोबाइलकडे बघणारा माणूस टवाळक्या करत असतो आणि लॅपटॉपकडे बघणारा माणूस काम करत असतो, असा जगाचा समज आहे. एकच चॅट, पण मोबाइलवर वाचलं की तोंडावर हसू दिसतं आणि लॅपटॉपवर वाचलं की कपाळावर आठी. शिवाय मोबाइलवर मराठी टाइप करताना माझा अंगठा जोडाक्षरावर अडखळतो. एकदा क्यूआर कोड दाखवला, व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपला जोडलं आणि सहा वर्षं ते कोपऱ्यात उघडंच राहिलं. घरातला देव्हारासुद्धा मी इतका अखंड तेवत ठेवलेला नाही.

मामा आले त्या संध्याकाळी साडेसहाला जर्मनीतल्या क्लायंटबरोबर मीटिंग होती. माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. स्लाइडचा मथळा होता, ‘डिलिव्हरीला उशीर का होतो’. मी तिसऱ्या कारणावर होतो, तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकोन वर आला.

साडू: “माल निघाला. पांढरा दोन लिटर, तांबडा दोन लिटर, सुकं किलोभर.”

मी पुढच्या स्लाइडवर गेलो. चौकोन स्लाइडबरोबर जात नाही.

साडू: “मेन गेटवर कॅमेरा आहे. मागच्या बाजूने येतो.”

लगेच आई, कोल्हापूरहून: “कोणी विचारलं तर औषध म्हणा.”

माझा उंदीर त्या चौकोनामागे धावत होता, पण एक बंद करावा तोवर दुसरा येत होता. शेवटचा आत्याचा. तिने काही लिहिलं नव्हतं, नुसते हात जोडले होते. माझ्या त्या वेळच्या मनःस्थितीचं इतकं अचूक वर्णन कुणी केलेलं नाही.

जर्मन मंडळी सभ्य. त्यांना देवनागरी येत नव्हती. पण मीटिंग रेकॉर्ड होत होती, आणि आमचा मॅनेजर कानपूरचा. त्याला देवनागरी वाचता येत होती, मराठी येत नव्हती. हे मिश्रण फार घातक. ‘माल’ त्याला कळला. ‘कॅमेरा’ कळला. उरलेलं त्याने मोबाइलच्या भाषांतरावर घातलं आणि यंत्राने त्याला सांगितलं की माल निघालेला आहे, पांढरा दोन लिटर आहे, तांबडा दोन लिटर आहे, कोरडा एक किलो आहे, आणि विचारणाऱ्याला औषध म्हणून सांगायचं आहे.

रात्री मामांनी पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या प्यायल्या आणि म्हणाले, “बंगळुरात चांगलं मिळतंय की रे!” मला घास जात नव्हता. कॅलेंडरवर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची मीटिंग आली होती. विषयाच्या जागी एकच शब्द होता: ‘स्पष्टीकरण’. बोलावणं इन्फोसेकचं, म्हणजे माहिती-सुरक्षा विभागाचं.

देव आहे. इन्फोसेकमधून आलेला मुलगा बेळगावचा निघाला.

त्याने दार लावलं, स्क्रीनचा फोटो समोर ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं, “काय ओ सर, पांढरा म्हणजे रस्साच न्हवं?”

मी म्हटलं, “रस्साच रे बाबा.”

“मला रात्रीच कळलं. पण लिहून घ्यावं लागतं.” त्याने फॉर्मवर ‘स्थानिक खाद्यपदार्थ’ असा शेरा मारला आणि प्रकरण मिटलं. मी उठायला लागलो तर म्हणाला, “बसा सर. आता दोन मिनिटं तुमचं मशीन बघू.”

त्या दोन मिनिटांत मी जेवढा उघडा पडलो, तेवढा रंकाळ्यावर पोहायला शिकतानाही पडलो नव्हतो.

त्याने डाऊनलोड्सचं फोल्डर उघडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जी जी फाइल मी लॅपटॉपवर क्लिक करून उघडली होती, ती तिथे बसली होती. आईचा ईसीजी. माझं पॅनकार्ड, पुढून. माझं पॅनकार्ड, मागून. आमच्या हिच्या नावाने काढलेल्या एफडीची पावती. चुलतभावाच्या मुलीची पत्रिका, आणि तिला आलेल्या चार स्थळांच्या पत्रिका. सोसायटीच्या सेक्रेटरीविरुद्ध निनावी पत्राचा मसुदा, ज्याच्या फाइलला माझं नाव होतं. मूळव्याधीवर घरगुती उपाय, पाने ११. आणि ‘रेझ्युमे_फायनल_खरंच_फायनल’.

मुलगा त्या शेवटच्या नावावर क्षणभर थांबला. मग तो फार सभ्यपणे खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ह्या फोल्डरचा रोज रात्री कंपनीच्या क्लाउडवर बॅकअप होतो सर. सगळ्यांचाच होतो.”

म्हणजे माझी मूळव्याध सहा वर्षं नेमाने बॅकअप होत होती. कंपनीने माझ्यात एवढी गुंतवणूक केल्याची मला कल्पनाच नव्हती.

मी चिडलो. म्हटलं, “पण व्हॉट्सअ‍ॅपला तर कुलूप असतं ना? एंड-टू-एंड का काय ते?” २०१६च्या एप्रिलपासून प्रत्येक चॅटच्या सुरुवातीला ती पिवळी पट्टी मी बघतोय: तुमचे संदेश तुम्ही आणि समोरचा, दोघांपलीकडे कोणी वाचू शकत नाही, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा नाही.

“खरं आहे सर. पण ते कुलूप वाटेवरचं. तुमच्या साडूंच्या मोबाइलपासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत. लॅपटॉपवर आल्यावर तुम्हीच उघडून वाचणार की! आणि लॅपटॉप कंपनीचा. त्याचं अ‍ॅडमिन कंपनीकडे. काही कंपन्या ठरावीक वेळाने स्क्रीनचा फोटो घेतात, काही कोणती साइट किती वेळ उघडी होती ते मोजतात, काही कोणती फाइल कुठे कॉपी झाली तेवढंच बघतात. कुलूप फोडायची कुणाला गरजच पडत नाही.”

“आणि आपली?”

“ते मला सांगता येत नाही.” तो हसला. सुरक्षा विभागातला माणूस हसला की आपण दोन दिवस झोपू नये.

मला एकदम हक्क आठवले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. आणि ती याचिका कुणाची? न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले, आमच्याच बंगळुरूचे. २०१२ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांनी ‘आधार’विरुद्ध दावा लावला. ज्या वयात लोक ‘माझा चष्मा कुठंय’ एवढाच प्रश्न सरकारला विचारतात, त्या वयात त्यांनी राज्यघटनेला प्रश्न विचारला. त्यांच्या शहरात राहून मी मात्र माझं पॅनकार्ड पुढून-मागून दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलं होतं.

बेळगावच्या पोराने मान डोलावली. “पण तो हक्क मुख्यतः सरकारसमोरचा सर. कंपनी हे सरकार नाही.” हेब्बाळच्या पुलावर मलाही हे अनेकदा जाणवलं आहे, सरकार दिसत नाही, कंपन्या दिसतात.

पुढे त्याने २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा काढला. माहिती वापरायला संमती लागते हे त्याचं मुख्य सूत्र, पण कलम ७ मध्ये काही सवलती आहेत आणि त्यातली एक नोकरीसंबंधीची. कंपनीचं नुकसान टाळायला, हेरगिरी रोखायला, व्यापारी गुपितं सांभाळायला नोकराची माहिती संमतीवाचूनही वापरायची मुभा त्यात आहे. मी विचारलं, मेहुणीच्या पांढऱ्या रश्श्याचं प्रमाण हे व्यापारी गुपित धरता येईल का? तो म्हणाला, ते आमच्या घरीही कुणी सांगत नाही.

घरी येऊन मी चवताळून वाचन केलं. जगात माझ्यासारखा दुसरा कोणी दुर्दैवी आहे का, हे शोधणं हा दुःखावरचा जुना उतारा. सापडला. रुमानियातले बोग्दान बर्बुलेस्कू, पेशाने इंजिनिअर, काम विक्रीचं. ग्राहकांना उत्तरं देण्यासाठी कंपनीने त्यांना याहू मेसेंजरचं खातं उघडायला लावलं. २००७च्या जुलैत कंपनीने विचारलं, खाजगी वापर करता का? त्यांनी लेखी दिलं, छे, फक्त कामासाठी. कंपनीने समोर छापील संभाषण ठेवलं. पंचेचाळीस पानं. भावाशी आणि वाग्दत्त वधूशी केलेल्या गप्पा, त्यात तब्येतीच्या आणि त्याहून नाजूक गोष्टी. नोकरी गेली. तिथल्या न्यायालयांत ते हरले. २०१६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयातही हरले. शेवटी ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला: कंपनीला लक्ष ठेवता येतं, पण ते आधी सांगितलं पाहिजे, किती आणि कसं ठेवणार तेही सांगितलं पाहिजे, आणि त्याला सबळ कारण पाहिजे.

पुट्टस्वामींच्या निकालानंतर बारा दिवसांनी हा निकाल. मला केवढा तरी धीर आला. मी बेळगावकराला मेसेज टाकला (मोबाइलवरून, माणूस शिकतो): “मला आधी कोणी सांगितलं होतं?”

पाच मिनिटांत उत्तर आलं. नोकरीवर रुजू झालो त्या दिवसाचा फॉर्म. चौतीस पानी धोरण, खाली चौकोन: ‘मी वाचलं, समजलं, मान्य आहे.’ चौकोनात माझी टिकमार्क. उघडल्याची वेळ सकाळी ११:४२, मान्य केल्याची वेळही ११:४२. इतक्या वेगाने मी लग्नालाही होकार दिला नव्हता.

मामांना हे सगळं सांगावं लागलं, कारण मी दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो. गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून त्यांनी ऐकलं. वर तीन विमानं धुराची रेघ ओढत गेली. ती गेल्यावर म्हणाले, “आमच्याकडं तीन प्रकार असायचे. कार्ड, आंतरदेशीय आणि पाकीट. कार्डावर काय लिहायचं हे लोकांना कळत होतं. ‘पाऊस बरा आहे, म्हैस व्याली, थोरांस नमस्कार.’ कारण कार्ड पोस्टमन वाचणार, त्याची बायको वाचणार, वाटेत वाण्याच्या दुकानात चार लोक वाचणार. पैशाचं, पोरीच्या स्थळाचं, भांडणाचं पाकिटात. अडाणी बाईसुद्धा पत्र लिहून घेताना विचारायची, कार्ड हाय का पाकीट?”

“आमचं पाकीटच आहे मामा. चिकटवलेलं.”

“असंल. पण ते पाकीट तू पोस्टाच्या काऊंटरवर उभं राहून फोडलंस आणि मोठ्यांदा वाचलंस. मग पोस्टाला शिव्या देऊन काय उपयोग?”

पस्तीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसाने इन्फोसेकचं चौतीस पानी धोरण तीन वाक्यांत सांगितलं, आणि यावेळी मला खरंच समजलं. आपली अक्कल काही गहाण पडलेली नाही. शेजारणीसमोर आपण पगाराचा आकडा बोलत नाही, रिक्षात बसून घरातलं भांडण काढत नाही, लग्नाच्या मांडवात डॉक्टरचा रिपोर्ट वाचत नाही. जागा कुणाची आहे हे बघून आवाज खाली करायचं वळण आपल्याला आहे. फक्त लॅपटॉप उघडला की ते वळण सुटतं, कारण समोर माणूस दिसत नाही.

२०२५च्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या माहिती-सुरक्षा जागृती उपक्रमानेही सांगून टाकलं की ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब वापरणं टाळा. वापरलंच तर काम झाल्यावर लॉगआउट करा आणि आपल्या कंपनीचं धोरण काय आहे ते वाचा. मी ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली. आईने फूल पाठवलं. साडूंनी विचारलं, “मग आता ऑर्डर कशी द्यायची?”

मी सुधारलो. जोडलेल्या उपकरणांची यादी मोबाइलवर उघडली. त्यात ऑफिसचा लॅपटॉप होता आणि त्याखाली आणखी एक संगणक, तोही वर्षभर उघडा. पॅनकार्डाची प्रिंट काढायला एकदा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो होतो, तिथला. म्हणजे पांढऱ्या रश्श्याची बातमी कंपनीच्या आधी त्याला कळली असणार. तरीच त्या आठवड्यात तो मला बघून हसत होता. दोन्ही काढून टाकले. डाऊनलोड्स रिकामं केलं, तरी बॅकअपमध्ये मूळव्याध आणखी किती दिवस नांदणार ते बेळगावकराने सांगितलं नाही. आता मी लॅपटॉपसमोर बसून मांडीवर मोबाइल ठेवतो आणि खाली बघून टाइप करतो. मॅनेजरला वाटतं मी टवाळक्या करतो. त्याचं बरोबर आहे.

मामा कोल्हापूरला गेले. जाताना त्यांनी माझा लॅपटॉप हातात घेतला, पार्सलचं वजन अजमावावं तसा, आणि उलटा केला. “पत्ता नेहमी असा बघायचा,” म्हणाले. तुम्हीही एकदा तुमचा उलटा करून बघा. खाली एक चांदीच्या रंगाची चिकटपट्टी असेल, तिच्यावर बारकोड, एक नंबर आणि एक नाव. ते नाव तुमचं नसेल तर कार्डावर लिहितो तेवढंच लिहा. पाऊस बरा आहे, म्हैस व्याली, थोरांस नमस्कार.